पंचायत राजवाले जी. राम रेड्डी आणि मुक्त विद्यापीठवाले राम रेड्डी एकच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकप्रशासनाच्या पुस्तकात पंचायत राजच्या प्रकरणात जी. राम रेड्डी हे नाव येतं, दूरशिक्षणाच्या इतिहासातही राम रेड्डी येतात. हे दोघं एकच की वेगळे, आणि नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या, तयारीसाठी त्यांचं काय वाचावं?

एकच. गाव, पंचायत आणि सरकारी कचेरी यांचा अभ्यास करणारा प्राध्यापक आणि देशातल्या पहिल्या दोन मुक्त विद्यापीठांचा पहिला कुलगुरू, हा एकच माणूस.

बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख पदांची यादी देऊन उरकतात. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) संस्थापक कुलगुरू, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष. यादी खरी आहे, पण तिच्यातून माणूस हाती लागत नाही. मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शंका सोडवणारा शिक्षक, म्हणूनही बसलो, त्यामुळे त्यांच्या दोन्ही अंगांशी कामापुरता संबंध आला. माझं म्हणणं असं, की त्यांचं संशोधन आणि त्यांनी उभारलेली विद्यापीठं एकाच प्रश्नावर उभी आहेत. सरकारनं गरिबाच्या नावानं काढलेली गोष्ट त्याच्या हाती पडायच्या आधी मध्ये कोण उभं असतं? त्यांनी स्वतः हे असं कुठं मांडलंय असा माझा दावा नाही. ही जुळवणी माझी.

जन्म 1929 चा, करीमनगरकडचा. तेव्हा करीमनगर आणि आपला मराठवाडा एकाच राज्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उस्मानिया विद्यापीठ 1918 चं, माध्यम उर्दू. आमच्या भागातल्या जुन्या वकील-मास्तरांच्या पदव्या तिथल्याच, कारण मराठवाडा विद्यापीठ 1958 साली निघेपर्यंत आम्हाला जवळचं दुसरं विद्यापीठ नव्हतं. तेलुगू किंवा मराठी घरातला पोरगा तिसऱ्याच भाषेत शिकणार, आणि तेही हैदराबादेत राहण्याची ऐपत असेल तर. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि त्यातल्या कित्येकांनी नागपूरची वाट धरली, हा इतिहास मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. राम रेड्डी त्यानंतरच्या पिढीचे. 1948 मध्ये पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे. म्हणजे तरुण वयातच त्यांच्या डोळ्यांदेखत राज्य बदललं, विद्यापीठाची भाषा बदलली, आणि 1956 मध्ये राज्याचा नकाशाही बदलला.

पुढं ते उस्मानियातच लोकप्रशासनाचे प्राध्यापक झाले. त्या काळात आपल्याकडे लोकप्रशासन म्हणजे प्रामुख्यानं पाश्चात्त्य सिद्धान्त आणि भारतीय सचिवालयाची रचना. राम रेड्डींनी खालचं टोक धरलं. 1959 मध्ये राजस्थानपाठोपाठ आंध्रनं पंचायत राज सुरू केलं आणि अभ्यासकाला प्रयोगशाळाच घरी चालून आली. 1977 मध्ये त्यांनी संपादित केलेलं 'पॅटर्न्स ऑफ पंचायती राज इन इंडिया' निघालं. वेगवेगळ्या राज्यांतल्या व्यवस्था शेजारी ठेवून पाहण्याचं काम त्यात आहे, आणि मराठी विद्यार्थ्याला ते बरंच काही उलगडून दाखवतं. आंध्रनं पंचायत राजची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीला धरून पंचायत समितीवर भर दिला. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीनं वजन जिल्हा परिषदेच्या पारड्यात टाकलं. 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषद अध्यक्ष हा छोटा मुख्यमंत्री का वाटायला लागला आणि पंचायत समितीचा सभापती का नाही, ते इथं कळतं.

दुसरं मोठं काम आंध्रच्या राजकारणावर. 'रीजनॅलिझम इन इंडिया: अ स्टडी ऑफ तेलंगणा' हे बी. ए. व्ही. शर्मांबरोबरचं पुस्तक 1979 चं. 1969 च्या तेलंगणा आंदोलनात उस्मानियाचं आवारच पेटलं होतं, तेव्हा हा काही लांबून पाहिलेला विषय नव्हता. नंतर फ्रँकेल आणि राव यांनी संपादित केलेल्या ग्रंथात त्यांचं आंध्रवरचं प्रकरण आलं. जमीन असलेल्या वरचढ जाती, प्रामुख्यानं रेड्डी आणि कम्मा, सत्ता हातची न सोडता बाकीच्यांना थोडंथोडं सामावून कशा घेतात, त्याची ही मांडणी आहे. शीर्षकातच 'पॉलिटिक्स ऑफ अकोमोडेशन' आहे. रेड्डी आडनावाच्या माणसानं हे शांतपणे लिहावं याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडच्या मराठा-कुणबी वर्चस्वाच्या चर्चेशेजारी हे प्रकरण ठेवून वाचा. सामावून घेण्याची तऱ्हा बरीच सारखी, फक्त आपल्याकडे तिला साखर कारखान्याचा पत्ता आहे.

पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात जिवंत लिखाण एका लेखात आहे. 1985 साली 'एशियन सर्व्हे' या नियतकालिकात जी. हरगोपाल यांच्याबरोबर लिहिलेला, 'द पैरवीकार: द फिक्सर इन रूरल इंडिया'. दोघांनी आंध्रमध्ये लहान शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेचा, स्मॉल फार्मर्स डेव्हलपमेंट एजन्सीचा, अभ्यास केला होता. त्यावरचं पुस्तकही त्याच वर्षी आलं. योजना कागदावर सरळ: अल्पभूधारकाला कर्ज, त्यावर अनुदान, त्यातून म्हैस, विहीर किंवा पंप. पण योजना आणि शेतकरी यांच्या मधल्या जागेत त्यांना एक माणूस सापडला. तो सरकारी नोकर नाही, निवडून आलेला नाही, बँकेचाही नाही, आणि तरी त्याच्यावाचून अर्ज हलत नाही.

हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. तहसीलच्या आवारात, चहाच्या टपरीजवळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि काखेत रेक्झिनची पिशवी. कुठल्या टेबलावर कुठला कागद अडतो ते त्याला पाठ असतं. साहेब आज दौऱ्यावर आहेत की आतच बसलेत तेही माहीत असतं. म्हातारा शेतकरी त्याच्यामागून दोन पावलं अंतर ठेवून चालतो, आणि खिडकीशी बोलतो तो हाच. शेतकरी फक्त अंगठा पुढं करतो.

लेखाचं बळ असं, की लेखकद्वयी या माणसाला लबाड म्हणून मोकळी होत नाही. तो पैसे खातो, योजना वाकवतो, लायक नसलेल्याला घुसवतो, हे सगळं आहेच. पण तो उगवतो का? नियम किचकट आहेत, कचेरी लांब आहे, अधिकारी बोलत नाही आणि शेतकऱ्याला वाचता येत नाही म्हणून. ही पोकळी तशीच ठेवून एका पैरवीकाराला तुरुंगात टाकलंत तर संध्याकाळपर्यंत दुसरा तयार होईल. प्रशासनाच्या अभ्यासक्रमात आपण 'लालफीत' वगैरे शिकवतो, पण ती फीत कापून देण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला शास्त्राच्या पानावर नाव देऊन बसवलं ते या दोघांनी. आजचं सेतू केंद्र, ऑनलाइन अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला, पीक विम्याचं पोर्टल बंद पडलं की धावपळ करणारा गावातला 'कार्यकर्ता', हे सगळे त्याच घराण्यातले.

आता सालं जुळवून पाहा. हा लेख 1985 चा. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू होते. एका हातानं गावातल्या मध्यस्थावर लिहायचं आणि दुसऱ्या हातानं उच्च शिक्षणाच्या दारातला दरवान काढायचा, ही दोन कामं एकाच माणसाच्या टेबलावर एकाच काळात पडलेली होती.

तिथवरचा प्रवास असा. 1977 ते 1982 ते उस्मानियाचे कुलगुरू होते. आणीबाणी नुकतीच उठलेली, आवार तापलेलं, विद्यार्थी संघटनांचा जोर. त्याच 1977 मध्ये उस्मानियात पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू झाली. तिला पुढं त्यांचंच नाव दिलं गेलं. पत्रद्वारा शिक्षण तेव्हा नवीन नव्हतं, दिल्ली विद्यापीठानं ते 1962 मध्येच सुरू केलं होतं. पण त्याची तऱ्हा आपल्याला माहीत आहे: वर्गात शिकवतात तेच टाचण सायक्लोस्टाइल करून टपालानं पाठवायचं. पाकीट घरी येतं, उघडलं तर कळत नाही, विचारायला कोणी नाही. शिवाय प्रवेशाच्या अटी नेहमीच्याच. बारावी नसेल तर पाकीटही नाही.

ब्रिटनमध्ये 1969 साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीनं या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या होत्या. भारतातही तसं विद्यापीठ हवं अशी शिफारस 1974 मध्ये जी. पार्थसारथी समितीनं केली, आणि मग ती फाईल आपल्या फायलींच्या रीतीनं पडून राहिली. दिल्लीला जे जमलं नाही ते हैदराबादनं आधी केलं. 1982 मध्ये आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघालं, देशातलं पहिलं. आजचं नाव डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. उस्मानियाची जुनी, प्रतिष्ठेची खुर्ची सोडून राम रेड्डी या नवख्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुठल्याही प्राध्यापकाला विचारा, याला आपल्या व्यवसायात पायरी उतरणं म्हणतात.

तिथं नियम असा झाला, की वय ठरावीक झालेलं असेल तर शाळेचा दाखला नसला तरी चालेल. एक पात्रता परीक्षा द्या आणि पदवीला बसा. तेलुगूतून शिका. केंद्रं चालू महाविद्यालयांतच, त्यांच्या सुटीच्या दिवशी. इमारत नाही म्हणून शिक्षण नाही, ही सबब गेली. आणि पुस्तक नवं लिहायचं, कारण शिक्षक समोर नसताना पुस्तकालाच बोलावं लागतं.

हे शेवटचं बाहेरून कळत नाही म्हणून जरा सांगतो. मुक्त विद्यापीठाचं एखादं घटक-पुस्तक उघडा. पहिल्या पानांवर नावांची रांग असते: तज्ज्ञ समिती, लेखक, संपादक, भाषेवरून हात फिरवणारा, मांडणी पाहणारा. एका प्राध्यापकाचं एक पुस्तक हा प्रकारच नाही. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, हे वाचून झाल्यावर तुम्हाला काय सांगता आलं पाहिजे ते. मग दोन-चार पानं मजकूर आणि लगेच चौकट: आत्तापर्यंत कळलं का ते तपासा, उत्तर इथंच लिहा. खाली रेघा. उत्तरं घटकाच्या शेवटी. समासही रुंद सोडलेला, टिपा लिहायला. आमच्या केंद्रावर एक अंगणवाडी सेविका होत्या, नववीत लग्न झालेल्या, पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बी.ए.ला आलेल्या. पहिल्याच संपर्क सत्रात त्यांनी विचारलं, "सर, प्रश्नबी यांनीच विचारला, उत्तरबी मागं यांनीच दिलंय. मग आपण काय करायचं?" वर्ग हसला. पण प्रश्न बरोबर होता. शाळेत उत्तर हे मास्तरांच्या ताब्यातलं असतं. ते तुमच्याकडे आधीच देऊन ठेवलंय आणि तुमच्यावर भरवसा टाकलाय, हे पचायला वेळ लागतो. बाईंनी पुढं त्या रेघा पेन्सिलीनं भरल्या, खोडल्या, परत भरल्या. तिन्ही वर्षं.

इग्नूबद्दल मात्र मी तेवढा हळवा नाही. संसदेच्या कायद्यानं आलेलं विद्यापीठ, नव्या पंतप्रधानांचा उत्साह, दिल्लीतली मैदान गढीची जागा. 1987 मध्ये पहिले अभ्यासक्रम निघाले ते व्यवस्थापन आणि दूरशिक्षण या विषयांतल्या पदविका. विद्यार्थी साडेचार हजारांच्या आसपास. पहिला घास शहरातल्या नोकरदारांच्या ताटात गेला, खेड्यातल्या अर्धशिक्षिताच्या नाही. यावर तेव्हाही टीका व्हायला हवी होती असं मला वाटतं. बाजू अशीही मांडता येते, की ज्या पदवीला समाज 'बाहेरून केलेली' म्हणून नाक मुरडतो तिला प्रतिष्ठा हवी असेल तर सुरुवात कंपन्या ओळखतील अशा अभ्यासक्रमानं करणं शहाणपणाचं. बारावी नसलेल्यांसाठीचा पूर्वतयारीचा मार्ग आणि पदवी नंतर आलीच. मला हा युक्तिवाद समजतो, पूर्ण पटत नाही.

1989 मध्ये इग्नू सोडून ते काही काळ कॅनडात व्हँकुव्हरला कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या राष्ट्रकुलाच्या दूरशिक्षण संस्थेचे उपाध्यक्ष होते. मग 1991 मध्ये यूजीसीचे अध्यक्ष. प्रा. यशपाल यांच्यानंतरची ही खुर्ची, आणि तिजोरीत खडखडाट असलेलं साल. विद्यापीठांनी आपला थोडा पैसा आपण उभा करावा हा सूर याच काळात सरकारी कागदांत आला. केंद्रीय विद्यापीठांच्या अनुदानावरची न्या. पुन्नय्या समिती याच काळातली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक 1994 मध्ये बंगळूरला स्थापन झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. नॅकच्या फायली रंगवण्यात ज्यांच्या सुट्ट्या गेल्या त्यांना हे वाचून त्यांच्याबद्दल काय वाटेल ते मी सांगत नाही.

या सगळ्यापेक्षा मला एक साधं परिपत्रक महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी 1992 मध्ये यूजीसीनं विद्यापीठांना कळवलं, की इग्नूच्या पदव्या, पदविका, प्रमाणपत्रं इतर विद्यापीठांच्या बरोबरीची माना. दार उघडं ठेवून उपयोग नसतो, बाहेर पडताना हातातला कागद चालला पाहिजे. मुक्तमधून बी.ए. झालेला पोलीस शिपाई खात्यांतर्गत परीक्षेला बसतो, कंडक्टर एम.ए.ला रीतसर प्रवेश मागतो, तेव्हा काउंटरवरचा कारकून अशाच कागदाला घाबरून गप्प बसतो. मध्यस्थावर लिहिलेल्या माणसाला कारकून कशाला घाबरतो ते नेमकं माहीत असणार.

1995 मध्ये त्यांचं निधन झालं. यूजीसीची कारकीर्दही त्याच वर्षी संपली होती.

महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं का ऐकू येत नाही? कारण आपल्याकडे आपले राम होते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये निघालं आणि त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले, मूळचे भौतिकशास्त्राचे. पुढं तेही इग्नूचे कुलगुरू झाले. दोघांच्या पद्धतीत फरक होता असं मला वाटतं. ताकवल्यांचा ओढा तंत्राकडे, पुढं काय येणार त्याकडे. राम रेड्डींचा ओढा नियम, मान्यता, पैसा, अधिकार याकडे, म्हणजे प्रशासनाकडे. संस्था टिकायला दोन्ही लागतात, पण मान्यतेचं काम फोटोत येत नाही.

टीका करायची तर ती त्यांच्याच लेखातून करता येते. दूरशिक्षण वाढलं आणि त्याच्या मधल्या जागेत नवे पैरवीकार आले. सोडवलेल्या गृहपाठांच्या झेरॉक्स विकणारे, 'फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो' म्हणणारे, भलत्या राज्यातल्या विद्यापीठाची केंद्रं गल्लीत उघडणारे. अर्ज, शुल्क, हॉल तिकीट, निकालातली दुरुस्ती, प्रत्येक टप्प्यावर पोर्टल आणि प्रत्येक पोर्टलशेजारी एक 'करून देणारा'. नियम किचकट आणि कचेरी लांब असली की तो येणारच, हे 1985 मध्येच लिहून ठेवलेलं होतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुक्त विद्यापीठ स्वस्त पडतं, म्हणून सरकारनं तालुक्याला धड महाविद्यालय आणि कायम प्राध्यापक देण्याची जबाबदारी तिथं ढकलली. ज्याला वर्ग सगळ्यात जास्त हवा त्याच्या हाती एकटं पुस्तक दिलं. यावर राम रेड्डींचा बचाव करता येईल, की त्यांनी पर्याय उभा केला, जुनं बंद करा असं म्हटलं नव्हतं. पण आर्थिक ओढाताणीच्या काळात यूजीसीच्या खुर्चीत तेच होते, हेही विसरता येत नाही.

आता नेटचं. आधी पैरवीकारवरचा लेख वाचा. छोटा आहे, सोप्या इंग्रजीत आहे, आणि लोकप्रशासन, ग्रामीण विकास, राजकीय मध्यस्थ अशा तीन ठिकाणी उदाहरण म्हणून वापरता येतो. मग फ्रँकेल-राव ग्रंथातलं आंध्रवरचं प्रकरण, राज्यांच्या राजकारणाच्या घटकासाठी. पंचायत राजचं 1977 चं पुस्तक पूर्ण वाचायची गरज नाही, कारण पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर त्यातली रचना बदलली. त्यातला आंध्रचा आणि महाराष्ट्राचा भाग मिळाला तर बघा, ग्रंथालयात असतं. तेलंगणावरचं पुस्तक प्रादेशिकतेवर निबंध लिहायचा असेल तरच. वस्तुनिष्ठ प्रश्नांसाठी एवढं लक्षात ठेवा: पहिलं मुक्त विद्यापीठ 1982, हैदराबाद. इग्नू 1985. इग्नू पहिलं नव्हे. हा पर्याय दर वेळी आमच्या सराव चाचणीत निम्मा वर्ग चुकवतो.